नाईकसाहेबांचा फोटो आणि सुरेगाव



१ जुलैच्या कृषिदिनाला वसंतराव नाईकांचा फोटो लावायचा की नाही, यावरून मागच्या बैठकीत वाद झाला. एक जुने कार्यकर्ते उठून म्हणाले, "सुरेगावच्या जिल्ह्यात हा फोटो?" त्यांचा राग मला कळतो. तरी मी फोटो लावा म्हणणारा आहे.

मी परभणीला शेतकी शिकलो. १९७२ साली, नाईक मुख्यमंत्री असताना, ते विद्यापीठ निघाले नसते तर माझ्यासारखा कोरडवाहूचा पोरगा पदवीपर्यंत पोचला नसता. संकरित ज्वारी गावोगाव नेली ती त्यांनीच. कडबा बुटका, पावसात कणीस काळे पडायचे, भाकरीला चव नाही, ही तक्रार आमच्या आईचीही होती. पण टोपल्यात भाकरी होती. बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडून जगली, ती कामेही त्यांच्याच सरकारने काढली.

आणि कापूस एकाधिकार खरेदीही त्याच १९७२ सालची. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सोडवावा, हा हेतू. झाले काय? सरकारखेरीज कुणाला कापूस विकणे गुन्हा ठरला. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी नाक्यावर अडायची. चुकारे हप्त्याहप्त्याने. दहा व्यापारी गेले, एकच आला, आणि पोलीसही त्याचेच. डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या भावासाठी रस्त्यावर आलेले तीन शेतकरी सुरेगावला गोळीबारात पडले. नाईकांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती, गोळीचा हुकूम त्यांचा नव्हता. कायदा मात्र त्यांच्या सरकारचा होता.

काही जण म्हणतात, एवढे चांगले केले, तेवढे सोडून द्या. कसे सोडू? विद्यापीठाचा फायदा मला झाला, चुकारा थकला माझ्या बापाचा, मेले ते तिसरेच. एकाच्या जमेतून दुसऱ्याचे देणे फिटते का?

पण फोटो काढून टाकला तर पोरांना वाटेल, असले कायदे शेतकऱ्याचे वैरीच करतात. हा कायदा पलीकडच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या शेतकऱ्याच्या पोराने, आपल्या भल्यासाठी म्हणून केला. मला भीती त्याचीच जास्त वाटते.

येत्या १ जुलैला फोटो लागेल, हार मी घालीन. पहिले भाषण मात्र त्या जुन्या कार्यकर्त्यांनी करावे, आणि सुरेगावला त्या दिवशी काय झाले ते सगळे सांगावे. मी त्यांच्या घरी जाऊन विनंती केली आहे. अजून होकार आलेला नाही.