नाव पुसलेले जहाज

अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात तटरक्षक दलाचे एक जुने, ३२७ फूट लांबीचे जहाज वस्तुसंग्रहालय म्हणून जपून ठेवले आहे. २०२० साली संग्रहालयाने त्याचे ‘टॉनी’ हे नाव काढून टाकले. आता ३७ हा क्रमांक हीच त्याची ओळख.

हे नाव मुळात सरकारी रिवाजातून आलेले. तटरक्षक दल तेव्हा अर्थखात्याच्या हाताखाली होते; म्हणून ह्या जातीच्या सात जहाजांना माजी अर्थमंत्र्यांची नावे मिळाली. रॉजर टॉनी त्यांपैकी एक. पण जगाच्या लक्षात तो राहिला सरन्यायाधीश म्हणून. ड्रेड स्कॉट ह्या गुलामाने आपल्या सुटकेसाठी दावा लावला, तेव्हा १८५७ साली टॉनीने निकाल दिला की, काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिक होताच येत नाही. ज्या शहरात आज काळ्यांची बहुसंख्या आहे, त्याच शहराच्या धक्क्यावर हे नाव मिरवत होते!

जहाजाची स्वतःची कहाणी मात्र निराळी. ते १९३६ साली दलात दाखल झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमाने पर्ल हार्बरवर तुटून पडली, तेव्हा ते जवळच होनोलुलू बंदरात होते आणि तेथून त्याने विमानांवर तोफा डागल्या. त्या दिवशी लढलेल्या जहाजांपैकी आज तरंगत असलेले हे एकमेव. पुढे ते ओकिनावाला गेले, व्हिएतनामला गेले. पण मला स्वतःला त्याचे बिनतोफांचे काम अधिक मोलाचे वाटते. भर समुद्रात ठराविक जागी आठवडेच्या आठवडे थांबून हवामानाच्या नोंदी करायच्या, संकटातल्या विमाना-जहाजांना हात द्यायचा. अमेरिकेचे असले शेवटचे सागरी ठाणे १९७७ साली ह्याच जहाजाने सांभाळले. १९८६ च्या ७ डिसेंबरलाच ते निवृत्त झाले.

ह्यातले टॉनीने काय केले? काहीच नाही. मग नाव गेल्याने इतिहास बुडाला, ही ओरड मला पटत नाही. (नावांच्या पाट्यांवरून माणसे किती पेटतात, हे आपल्या सीमाभागाला काय सांगावे!) तरीही एक गोष्ट मनात सलते. ज्या खलाशांनी तारुण्याची वर्षे त्या डेकवर काढली, त्यांच्या तोंडी ‘टॉनी’ म्हणजे न्यायाधीश नव्हे, आपले जहाज. त्यांचा शब्द हिरावून घेऊ नये. नाव कुशीवर नको. पण आतल्या भिंतीवर ते हवे, आणि त्याच्या शेजारी ड्रेड स्कॉटचेही.