पाठीवरचा नंबर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी एक भांडण ठरलेले असते. माझ्या टेबलाचा खालचा खण ओढून सौ. विचारते, "अहो, हे मोडीत कधी घालायचं?" आणि मी दरवर्षी तो खण पोटाशी धरून सांगतो की, ही मोड नव्हे, एका बुडालेल्या राज्याची ही दौलत आहे!

ते राज्य म्हणजे सोव्हिएत रशिया. १९९१ च्या डिसेंबरात ते नकाशावरून गेले, तेव्हा मी शाळेत होतो. पण त्याचा एक कण त्याआधीच आमच्या घरात येऊन पडला होता. वडील रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून सुबक छपाईची, स्वस्त मराठी पुस्तके आणीत. एकदा त्यांच्याबरोबर एक बिल्ला आला. तांबडी पाचकोनी चांदणी आणि मधोमध कुरळ्या केसांचा एक गोंडस मुलगा. तो मुलगा म्हणजे बाळ लेनिन आणि तो बिल्ला तिकडच्या सात ते नऊ वर्षांच्या पोरांचा, हे मला फार पुढे कळले. मी तो सदऱ्यावर लावून मिरवलो. गुरुजींनी काढायला लावला. माझ्या छंदाचा श्रीगणेशा हा असा झाला.

बिल्ले जमवणे सोपे. त्या राज्याला बिल्ल्यांचे भारी वेड! गावाचा बिल्ला, कारखान्याचा बिल्ला, गागारिनच्या १९६१ सालच्या अंतराळ-प्रवासाचा बिल्ला. १९३१ पासून तर धावण्या-पोहण्याची सरकारी परीक्षा पास झाली तरी बिल्ला मिळे. हे सारे हलके, चार-दोन आण्यांच्या मोलाचे आणि म्हणूनच निरुपद्रवी.

पदकांचे मात्र तसे नाही. सर्वांत मोठा मान 'सोव्हिएत संघाचा वीर' हा. तो प्रथम १९३४ साली सात वैमानिकांना मिळाला. चेल्युस्किन नावाचे जहाज उत्तरेच्या समुद्रात बर्फाने चिरडले आणि शंभरावर माणसे बर्फावर अडकली. त्यांना या सातजणांनी विमानांतून उचलून आणले होते. आपल्या राकेश शर्मांनाही १९८४ साली हाच मान मिळाला. आणि शेवटचा मानकरी लिओनिद सोलोद्कोव हा पाणबुड्या. त्याचा हुकूम निघाला २४ डिसेंबर १९९१ रोजी आणि दोन दिवसांत राज्यच संपले! पदक हातात पडले ते जानेवारीत. पदक घेताना 'मी सोव्हिएत संघाची सेवा करतो' असे म्हणण्याची रीत होती. पण संघच उरला नव्हता. बिचारा नुसते 'धन्यवाद' म्हणाला.

ही कथा वाचल्यापासून 'वीरा'ची सोन्याची चांदणी आपल्याकडे असावी असे मला फार वाटे. चोरबाजारातल्या एका विक्रेत्याने ती मला दिली. शेजारच्या सोनाराने कसोटीवर घासून सांगितले, "मास्तर, पितळ आहे!" त्या धनत्रयोदशीला आमच्याकडे पितळेची खरेदी झाली, असे सौ. अजून पाहुण्यांना सांगते.

पण त्याच बाजारात मला एक अस्सल पदकही मिळाले. रुपयाहून थोडे मोठे, चांदीचे. वर तीन विमाने, खाली रणगाडा आणि मध्ये तांबड्या अक्षरांत दोन शब्द : 'शौर्याबद्दल'. १९३८ साली सुरू झालेले हे साध्या शिपायाचे पदक. मी हरखून ते घरी आणले. सौ.ने उलटून पाहिले. पाठ अगदी कोरी. फक्त एक नंबर कोरलेला.

"हा नंबर कुणाचा?" तिने विचारले.

मला उत्तर देता येईना. ऑगस्ट १९४१ च्या एका हुकमाने तिकडे जखमी शिपायांना रणातून उचलून आणणाऱ्यांसाठी हिशेब ठरवून दिला होता. पंधरा जखमी, त्यांच्या बंदुकांसकट, आणले की हे किंवा याच्या जोडीचे पदक. पंचवीस आणले तर त्याहून वरचे. ऐंशी आणले तर लेनिनचे. माझ्या तळहातावरची ती चकती कदाचित असल्याच पंधरा माणसांची असेल. आणि मी तिच्यासाठी घासाघीस करून पन्नास रुपये कमी करून घेतले होते!

१९९१ नंतर तिकडे महागाईने म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी मातीमोल झाली. मॉस्कोच्या अर्बात रस्त्यावर अशी पदके परदेशी प्रवाशांना विकली जात. वास्तविक रशियात ही खरेदी-विक्री आजही गुन्हा आहे. मग हे पदक कोणी विकले? पोटासाठी त्यानेच, की त्याच्या नातवाने, की चोराने? युद्धातल्या पदकांची कागदपत्रे २०१० पासून इंटरनेटवर पाहायला मिळतात. पण तिथे शोध घ्यायचा तो नावावरून. माझ्याजवळ नाव नाही. नुसता नंबर आहे.

त्या रात्री मला आमच्या पणजोबांची आठवण झाली. पहिल्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते. परत आले ते चांदीचे पदक घेऊन. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. १९४७ साली इंग्रज गेले. पुढे वडिलांचे उष्टावण निघाले तेव्हा पणजोबांनी आपल्या हाताने ते पदक सोनाराकडे दिले. "देणारेच गेले, आता हे दाखवायचं कुणाला?" असे ते म्हणाल्याचे आजी सांगे. त्या चांदीची वाटी झाली. त्याच वाटीतून पुढे मलाही पहिला घास मिळाला.

मला या रशियन शिपायाचा नंबर ठाऊक आहे, नाव नाही. पणजोबांचे नाव ठाऊक आहे, पण नंबर सोनाराच्या मुशीत वितळला. ते कोणत्या लढाईत होते हे शोधायला मला आज त्याच नंबराची गरज आहे. ते पदक विलायतेतल्या कोणा छांदिष्टाच्या खणात जरी पडलेले असते, तरी मी त्याचे पाय धरले असते!

त्यानंतर मी नंबराचे पदक विकत घेतलेले नाही. बिल्ले घेतो. ते एक पदक मात्र खणात आहे. त्याच्या डबीत चिठ्ठी घातली आहे : 'हे आपले नव्हे. नाव सापडल्यास घरच्यांना परत करावे.' माझ्यामागे हे काम मुलीने करायचे, असे तिला सांगून ठेवले आहे.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाटावर चांदीची वाटी मांडतात. गेल्या वर्षी पाहतो तो वाटीशेजारी ते पदक! मी काही विचारण्याआधीच सौ. म्हणाली, "असू द्या. ज्याचं त्याला मिळेपर्यंत आपल्याच घरी आहे ना ते?"