अंधार कशाला म्हणावे?

'डार्क फॅन्टसी' हे नाव आता आपल्या घरांतही येऊन पोहोचले आहे. मुलांच्या हातांतील कादंबऱ्या, संगणकावरील खेळ, जपानी चित्रकथा, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मालिका या साऱ्यांवर हा शिक्का दिसतो. नाव कानी पडताच आपल्या समाजात दोन पक्ष बोलू लागतात. पहिला म्हणतो, हे सैतानाचे साहित्य आहे. ते घरातून आणि धर्मग्रामाच्या वाचनालयातून बाहेर काढा. दुसरा पक्ष बहुधा तरुणांचा. तो म्हणतो, ज्यात रक्त पुष्कळ आणि भला माणूस औषधालाही सापडत नाही, तेच खरे प्रौढांचे साहित्य. बाकीच्या साऱ्या परीकथा. या दोन पक्षांचे एकमेकांशी पटणे शक्य नाही, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. काळेपणा हेच या वाङ्मयप्रकाराचे लक्षण, असे दोघेही मानतात. आमचा वाद दोघांशीही आहे. सोयीसाठी या प्रकारास आम्ही 'तमोमय अद्भुतिका' म्हणू आणि तिचे लक्षण दुसरेच आहे हे दाखवू.

भूत, रक्त, शाप, स्मशान, मध्यरात्र ही या कथेची सामग्री आहे. परंतु सामग्रीवरून वाङ्मयप्रकार ठरत नाही. तांदूळ सर्वांच्याच घरी शिजतो, म्हणून लग्नाचा भात आणि आजाऱ्याची पेज एक होत नाहीत. सामग्रीवरूनच निवाडा करायचा तर आपल्या कॅथलिक बायबलमधील तोबीतच्या ग्रंथाचे काय करणार? त्यात सारा नावाच्या कन्येचे सात वर लग्नाच्याच रात्री अस्मोदेउस या दैत्याच्या हातून मरतात. शौल राजा एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे वेष पालटून जातो आणि मृत शमुवेलास वर बोलावतो. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात प्रसूत होणाऱ्या स्त्रीसमोर तिचे बाळ गिळावयास अजगर उभा असतो. दान्तेच्या महाकाव्यात पाताळाच्या तळाशी सैतान बर्फात रुतलेला आहे. या साऱ्यांत अंधार पुष्कळ आहे; परंतु यांपैकी कशालाही कोणी तमोमय अद्भुतिका म्हणणार नाही, कारण या प्रत्येक कथेवर तारणाचे छत्र आरंभापासून धरलेले आहे. साराचे दुःख ऐकले जाते आणि त्याच वेळी रफाएल देवदूत निघतो. म्हणजे लक्षण शोधावयाचे ते अन्यत्र.

नावाचा गोंधळ बराच जुना आहे. हे नाव रूढ करण्याचे श्रेय सहसा चार्ल्स एल. ग्रँट (१९४२–२००६) या अमेरिकन लेखकास दिले जाते. मानवी आकलनापलीकडच्या शक्तींनी माणसाला घेरणे हा त्याच्या लेखी या कथेचा विषय. म्हणजे ती एक संयत भयकथाच झाली. त्याच्याच पिढीतील कार्ल एडवर्ड वॅग्नर (१९४५–१९९४) याच्या कथांनाही हेच नाव लागले, परंतु त्या वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांचा नायक केन हा बायबलमधील काइनावरून घडवलेला आहे. भावाचा खून करून शापित झालेला, मरणही नाकारले गेलेला हा पुरुष युगानुयुगे तलवार घेऊन भटकतो. पहिल्या प्रकारात माणूस बाहेरच्या अंधाराला भितो. दुसऱ्या प्रकारात अंधार त्याच्या हातांना लागलेला असतो. आमच्या मते वाङ्मयप्रकाराची खरी वाट या दुसऱ्या बाजूने जाते.

मराठी वाचकास हा भेद समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या 'समर्थ'कथा आठवाव्यात. साध्यासुध्या माणसांच्या आयुष्यात बाहेरून काही अमंगळ शिरते, माणसे हवालदिल होतात, समर्थ त्या अमंगळाशी सामना करतात आणि जगाची विस्कटलेली घडी पुन्हा बसते. ही भयकथा. आता धारपांच्याच कथेवरून सुचलेला, राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट घ्या. त्यातील हस्तर हा बाहेरून शिरलेला चोर नव्हे. तो समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र. सोने मिळाले, तरी धान्यही हवे म्हणून शापित झालेला. म्हणजे त्या जगाच्या उत्पत्तिकथेतच लोभ मुरलेला आहे. विनायकाला कोणी झपाटलेले नाही. कणकेची बाहुली घेऊन तो आपल्या पायांनी विहिरीत उतरतो, मोहरा घेऊन वर येतो आणि पुन्हा उतरतो. पुढे तो आपल्या कोवळ्या मुलालाही तेच शिकवतो. येथे कोणी समर्थ येणार नाहीत. ज्याने हात घातला त्यानेच मोल द्यावयाचे. अखेरीस बाप शापाने विद्रूप होऊन हस्तरचा लंगोट मुलापुढे धरतो. मुलगा तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. त्या नकारासाठीच सारा चित्रपट आहे. जमिनी विकून आलेल्या पैशाने भावाभावांत पेटलेले कज्जे पाहिलेल्या आमच्या वाचकांस हा चित्रपट परका वाटू नये.

भयकथेपासून ही अद्भुतिका अशी वेगळी होते. वीररसाच्या अद्भुतिकेपासून ती कशी वेगळी होते, हे पाहण्यास जे. आर. आर. टोल्किन यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. ते निष्ठावंत कॅथलिक. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४–५५) ही आपली कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली फादर रॉबर्ट मरी या येशूसंघीय मित्रास कळवले होते. त्या कादंबरीत सॅम शत्रूच्या ओसाड देशात रात्री आभाळाकडे पाहतो. ढगांच्या फटीतून एक तारा दिसतो आणि त्याला उमगते की ही छाया आज ना उद्या सरणारी आहे. दुष्ट अंगठी नष्ट होते ती मार्चच्या २५ तारखेस, म्हणजे मरियेला देवदूताने निरोप दिला त्या सणाच्या दिवशी. फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो, तरी जग वाचते. आता त्याच लेखकाची 'द चिल्ड्रेन ऑफ हूरिन' पाहा. ती त्यांच्या पुत्राने संपादित करून २००७ साली प्रसिद्ध केली. जग तेच, लेखकाची श्रद्धाही तीच. मॉर्गॉथ हा दुष्टांचा अधिपती हूरिनला उंच आसनावर जखडून ठेवतो आणि त्याच्या लेकरांचा सर्वनाश पाहावयास लावतो. तूरिन हा त्याचा शूर पुत्र काळोखात चुकून आपल्याच जिवलग मित्राला मारतो, न ओळखता सख्ख्या बहिणीशी विवाह करतो आणि शेवटी स्वतःच्या तलवारीवर पडतो. पहिल्या पुस्तकात अंधार ही एक रात्र आहे. दुसऱ्यात, कथेतील माणसांपुरते बोलायचे तर, पहाट उगवतच नाही. तरीही बेलेगची मैत्री चांगली ती चांगलीच राहते. टोल्किन एका अक्षरानेही तिला मूर्खपणा ठरवत नाहीत.

यावरून लक्षण सांगता येते. ज्या कल्पित जगाच्या पायात अमंगळ मुरलेले आहे, ज्यात नायकाचे हात त्याने मळतात, ज्यात त्या मळाची किंमत कोणाला तरी भरावीच लागते आणि ज्यात चांगले हे चांगलेच राहते, परंतु ते जिंकेल अशी हमी कथा देत नाही, ती तमोमय अद्भुतिका. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. अमंगळ पायात मुरलेले आहे, परंतु पाया अमंगळाचा नाही. हस्तर मूळचा देवीपुत्र, मॉर्गॉथ मूळचा निर्मात्याच्या थोर दूतांपैकी एक. आदिपापाचा सिद्धांत लहानपणीच शिकलेल्या कॅथलिक वाचकास हे कळू नये, याचेच आम्हांस आश्चर्य वाटते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. मायकेल मूरकॉक यांचा 'एल्रिक' १९६१ साली अवतरला. मूरकॉक टोल्किनच्या पंथातले नव्हेत. १९७८ च्या 'एपिक पूह' या निबंधात त्यांनी टोल्किनवर कडाडून टीका केली. तरी त्यांचा एल्रिक आमच्या लक्षणात चपखल बसतो. त्याची काळी तलवार माणसांचे आत्मे पिते आणि त्या बळावर हा दुबळा राजा उभा राहतो. पहिल्याच कथेत त्या तलवारीने त्याची प्रेयसी मरते आणि शेवटी ती त्याचाही घास घेते. हे भयंकर वाटते, कारण आत्म्याला मोल आहे हे त्या कथेने आधी मान्य केले आहे. ज्याला मोलच नाही, त्याच्या नाशाचे भय कोणाला? पुढे बाजाराने या कथेतून मोल काढून टाकले आणि काळोख तेवढा ठेवला. 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ १९८७ साली निघाला. त्याच्या घोषवाक्यावरून 'ग्रिमडार्क' असे नवे नावही रूढ झाले. त्या नावाखालीही चांगले लेखन झाले असेल. परंतु त्याच्या जोरावर जी भाराभर पुस्तके विकली जातात, त्यांत राजा नीच, साधू नीच, आई नीच आणि मूलही नीच. याला तरुण मंडळी धीट वास्तवदर्शन म्हणतात. आम्ही याला आळस म्हणतो. कोळशाच्या वखारीत काजळाचा डाग दिसत नाही. संत ऑगस्टीन यांनी शिकवले की वाईटाला स्वतःचे असे अस्तित्व नाही, ते चांगल्याची उणीव आहे. हे केवळ धर्मशास्त्र नव्हे, कथेचे व्याकरणही आहे. ज्या कथेत उणे व्हावयास काही चांगले उरलेच नाही, तिच्यात अंधारही उरत नाही. उरतो तो केवळ कंटाळा.

पहिल्या पक्षाशी आमचा वाद अधिक घरगुती आहे, म्हणून अधिक कठोरही. दरवर्षी पास्काच्या रात्री चर्चमधील सारे दिवे मालवले जातात. अंधारात नवी मेणबत्ती येते, तिच्यावरून आपण आपापल्या मेणबत्त्या पेटवतो आणि सैतानाचा व त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करतो, असे मोठ्याने म्हणतो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात प्रभू अधोलोकात उतरला, असे आपण सांगतो. जी मंडळी वर्षातून एकदा अंधारात उभी राहून सैतानाचे नाव घेतात, त्यांनी कथेत ते नाव आले म्हणून पुस्तक फेकावे, हे कोणत्या तर्कात बसते?

गियेर्मो देल तोरो यांचा 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) हा चित्रपट आमच्यातील अशा टीकाकारांनी पाहावा. स्थळ स्पेन, साल १९४४. यादवी युद्ध संपले आहे, परंतु डोंगरात बंडखोरांची शिकार चालू आहे. क्रूर कप्तानाच्या घरी आलेल्या ओफेलिया या मुलीला एक फॉन, म्हणजे बोकडाच्या शिंगांचा जुना वनदेव, तीन परीक्षा सांगतो. शेवटची परीक्षा अशी की नवजात भावाच्या रक्ताचा एक थेंब दे आणि आपल्या राज्यात जा. ती नकार देते. कप्तान तिला गोळी घालतो. परक्याचे निष्पाप रक्त सांडण्यापेक्षा आपले सांडणे तिने पत्करले. हे आपण कोठे ऐकले आहे, ते आम्ही वाचकांस सांगण्याची गरज नाही. त्याच चित्रपटात कप्तानाच्या मेजवानीस एक धर्मगुरूही बसलेला आहे. ते दृश्य आम्हांस बोचते. परंतु बोचते म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट, ते पाहून मान खाली घालणे हेच आपल्या श्रद्धेस शोभणारे आहे.

कोणी म्हणेल, ही अपवादांची यादी झाली. तर मग जीन वुल्फ यांचे नाव घ्यावे. हे अमेरिकन लेखक प्रौढ वयात कॅथलिक झाले. त्यांच्या १९८० ते १९८३ या काळात आलेल्या चार खंडांच्या 'द बुक ऑफ द न्यू सन'चा नायक सेव्हेरियन हा छळ करणाऱ्यांच्या संघात वाढलेला आहे. यातना देणे हा त्याचा व्यवसाय. आपल्या ताब्यातील एका स्त्रीची यातनांतून सुटका व्हावी म्हणून तो तिला मरण्याचे साधन पुरवतो आणि त्यासाठी संघाबाहेर घालवला जातो. अशा हातांवर कृपा उतरू शकते काय, हा त्या ग्रंथाचा प्रश्न आहे. हा प्रश्न पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचा नाही काय?

पालकांची एक शंका मात्र रास्त आहे. ही कथा लहानांची नव्हे. 'तुंबाड' आणि 'पॅन्स लॅबिरिंथ' दहा वर्षांच्या मुलापुढे लावणे हा निष्काळजीपणा होय. तसेच कथेतील मंत्र वेगळा आणि हौसेने मांडलेला प्लँचेट वेगळा. १९९२ च्या 'कॅथलिक चर्चची धर्मशिकवण' या ग्रंथाने भविष्यकथन, मृतांना बोलावणे आणि जादूटोणा यांचे आचरण निषिद्ध ठरवले आहे. त्यात तडजोड नाही. परंतु आचरण निषिद्ध आहे म्हणून वर्णनही निषिद्ध, असे म्हटले तर एन-दोरची कथा सांगणारे पवित्र शास्त्रच प्रथम मिटावे लागेल.

म्हणून पुस्तक घरी आले की मुखपृष्ठावरील कवटी पाहून निकाल देऊ नये. ते आपणही वाचावे आणि वाढत्या वयाच्या मुलाला तीन गोष्टी विचाराव्यात. या जगात चांगले काय होते? नायकाने आपल्या हाताने काय केले? त्याची किंमत कोणी भरली? तिन्हींना उत्तर मिळाले तर पुस्तक कितीही काळे असो, ते कपाटात राहू द्यावे. एकालाही मिळाले नाही तर ते खुशाल परत करावे, मग त्यावर कितीही पारितोषिकांची मोहोर असो. मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेता येते. घरातील मरण, दारू, भाऊबंदकी यांतून त्याने पाहिलेला अंधार काढून घेता येत नाही. त्याविषयी बोलावयास त्याला भाषा हवी असते, आणि ती आपल्या टेबलाशी मिळाली नाही तर तो ती दुसरीकडे शोधतो.