मानधन नव्हे, मोबदला

‘कलेचा बाजार मांडू नका’ हे वाक्य मी आजवर एकाही हलाखीतल्या चित्रकाराच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते ऐकवतात ते एक तारखेला पगार जमा होणारे रसिक.

त्यांचं म्हणणं, पैशाचा विचार शिरला की हात बिघडतो. चित्रकार म. वि. धुरंधरांचा बिघडला नाही. जे. जे. स्कूलमध्ये ते वर्षानुवर्षं पगारावर शिकवत होते आणि रेल्वेची पोस्टरंही करत होते. दीनानाथ दलालांनी तर 1945 मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला. मुखपृष्ठ त्यांचं आणि अंकही त्यांचाच.

मग दुसरा पवित्रा येतो: समाजाने कलावंताचा सन्मान करावा, सरकारने मदत द्यावी. जरूर द्यावी. पण तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला होता आणि तरी अखेरच्या दुखण्यात दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. आता त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. ‘मानधन’ हा शब्दच बघा ना, त्यात मान आधी आणि धन मागे, बऱ्याचदा पुढच्या दिवाळीपर्यंत मागे.

विठाबाईंच्याच नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, तारीख आणि आकडा ठरतो, सुपारी पक्की होते. तिथं बोलणी करताना कुणाची कला बाटत नाही. फडाच्या अडचणी वेगळ्या आणि पुष्कळ आहेत, पण आकडा आधी बोलायचा हे फडवाल्यांना कळतं. आम्ही कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन आलेले मात्र ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतो.

कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घात होतो तो न वाचता सही केलेल्या ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ या तीन शब्दांनी. म्हणून मी बिलावर लिहितो: वापर एका अंकापुरता, निम्मी रक्कम आगाऊ.

गेल्या वर्षी एका संपादकांना ते वाचून वाईट वाटलं. “अहो, आपण घरचेच!” म्हणाले. त्यांचा छापखानावाला घरचा नसावा. कागदाचे पैसे त्याने आधी मोजून घेतले होते.