परकी ॲप, बंदीचा हुकूम आणि आपण



गेल्या रविवारी बुद्धवंदना आटोपली आणि नेहमीप्रमाणे विहाराच्या ओट्यावर चहा आला. चहाबरोबर वादही आला. परदेशी मालकीची सोशल मीडियाची ॲप सरकारने बंद करावीत की करू नयेत, हा विषय निघाला. सिक्युरिटीत नोकरी करणारा आमच्या वस्तीतला एक तरुण तावातावाने म्हणाला, "काका, गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. त्यांच्या देशाचं ॲप आपण खिशात घेऊन फिरायचं का? टिकटॉक बंद केलं ते बरंच झालं." बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

तेवढ्यात कपबशा गोळा करणारी आमच्या शेजारची भगिनी थांबली. ही बाई चार घरी पोळ्या लाटून संसार चालवते. ती म्हणाली, "भाऊ, बरं झालं असंल. पण माझी सासू त्याच्यातच राहिली हो."

सगळे गप्प झाले. झाले होते असे. तिची सासू मराठवाड्यातून आलेली. जात्यावर म्हणायच्या बाबासाहेबांच्या ओव्या तिला मुखोद्गत. सुनेने हौसेने मोबाईलवर त्या ओव्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले आणि टिकटॉकवर टाकले. कुठल्या कुठल्या गावची माणसे ते ऐकत, जयभीम लिहीत. मग २०२० च्या जूनअखेर हुकूम निघाला आणि एक-दोन दिवसांत ॲप उघडेनासे झाले. जुना मोबाईल आधीच बिघडलेला. पुढच्या वर्षी सासू वारली. तिचा आवाज आज घरात कोणाकडेही नाही.

या एका वाक्याने आम्हाला आठवडाभर स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून आजच्या सदरात हाच विषय घेतला आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनच्या रात्री केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी जाहीर केली. त्यात टिकटॉक होते, हेलो होते, कागदाचे फोटो काढायचे कॅमस्कॅनरही होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ वापरले गेले. देशाचे सार्वभौमत्व, एकात्मता, संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणे सांगितली गेली. टिकटॉकचे भारतात त्या वेळी सुमारे २० कोटी वापरणारे होते. कंपन्यांना प्रश्न विचारले गेले ते बंदीनंतर. जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाली.

आता त्या तरुणाची बाजू. ती भावनेची आहे म्हणून उडवून लावता येत नाही, कारण तिला पुरावा आहे. चीनने २०१७ साली केलेल्या गुप्तवार्ता कायद्याप्रमाणे तेथील प्रत्येक संस्थेने सरकारी गुप्तचर कामाला साहाय्य करावे असे बंधन आहे. म्हणजे कंपनीची नियत चांगली असली तरी सरकारने मागितल्यावर नाही म्हणण्याची सोय नाही. आणि टिकटॉकची मालक कंपनी बाइटडान्स हिने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःच कबूल केले की, तिच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील पत्रकारांची माहिती गैरमार्गाने पाहिली होती. बातमी कोठून फुटते हे त्यांना शोधायचे होते. पत्रकाराच्या मागावर जे जाऊ शकतात, ते कार्यकर्त्याच्या मागावर जाणार नाहीत असे कोण म्हणेल? तेव्हा धोका खरा आहे.

परंतु आम्ही कॉमर्स शिकलेली माणसे. खतावणीची एकच बाजू पाहून शिल्लक काढायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले गेले. म्हणून दुसरी बाजूही पाहू.

टिकटॉक बंद झाल्यावर ते २० कोटी लोक गेले कोठे? काही दिवस देशी ॲपची चलती झाली. पण ८ जुलै २०२० ला, म्हणजे बंदीनंतर अवघ्या नऊ दिवसांत, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. ही दोन्ही अमेरिकन कंपन्यांची. म्हणजे परक्याचे घर सोडून आपण दुसऱ्या परक्याच्या घरी राहायला गेलो, एवढेच.

दुसरा परका साधू आहे काय? २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने उघड केले की, अमेरिकेची गुप्तचर यंत्रणा गूगल, फेसबुक यांसारख्या कंपन्यांकडून लोकांची माहिती मिळवते. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण बाहेर आले. फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्या कंपनीच्या हाती गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. त्यात भारतातले साडेपाच लाखांहून अधिक लोक होते. तेव्हा कोणी बंदीची भाषा केली नाही. माहितीची चोरी हा गुन्हा असेल तर तो चोराच्या झेंड्यावरून ठरत नाही. आणि स्वदेशी असले म्हणजे सुरक्षित, असेही नाही. स्वदेशी मालक आपली माहिती विकणार नाही याची हमी कायदा देतो, मालकाचे आडनाव देत नाही.

मालकाचा देश पाहून भागत नाही, याचे दुःखद उदाहरण आमच्याच धम्मबांधवांच्या देशात आहे. म्यानमारमध्ये फेसबुक म्हणजेच इंटरनेट असे लोक समजत. त्यावरून रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध वर्षानुवर्षे विष पेरले गेले. पेरणाऱ्यांत चीवर धारण करणारेही होते, हे सांगताना आम्हाला शरम वाटते. सम्यक वाचेचा उपदेश करणाऱ्या तथागताच्या नावाने हे झाले. २०१७ साली सात लाखांवर माणसे जीव घेऊन बांगलादेशात पळाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये फेसबुकने मान्य केले की, आपण वेळीच पुरेसे केले नाही. मालक अमेरिकन होता, म्यानमारचा शत्रू नव्हता. तरी हे घडले.

पण कथा येथे संपत नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला त्याच म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तीन दिवसांत फेसबुकवर बंदी घातली. कारण सांगितले देशाच्या स्थैर्याचे. खरे कारण, लोक त्यावरून एकत्र येत होते. द्वेष पसरत होता तेव्हा जे ॲप चालले, ते जनता बोलू लागताच बंद झाले. नेपाळचेही पाहा. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सरकारने नोंदणी केली नाही म्हणून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲपसह २६ माध्यमे बंद केली. नोंदणी केलेले टिकटॉक मात्र चालू राहिले. भ्रष्टाचाराला आधीच वैतागलेली तरुण पोरे ८ तारखेला रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, त्या एका दिवसात १९ जीव गेले. रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. नोंदणीचा नियम करणे गैर नव्हते. पण एका फटक्यात साऱ्या देशाचे तोंड बंद करणे हा त्यावरचा इलाज नव्हता.

मग आमचे मत काय? सरकारला बंदीचा अधिकारच नसावा, असे आम्ही म्हणत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यातच देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली. सारा प्रश्न त्या 'वाजवी' शब्दाचा आहे.

आम्ही पडलो कारकून. आमच्या कचेरीत साध्या शिपायाला नोकरीवरून काढायचे झाले तरी रीत ठरलेली आहे. तातडी असेल तर आधी निलंबन. मग दोषारोपपत्र. मग चौकशी, त्याचे म्हणणे, साक्षीपुरावा. शेवटी कारणांसह आदेश आणि त्या आदेशाची प्रत त्याच्या हातात. सरकारी नोकराला ही ढाल अनुच्छेद ३११ ने दिली. जवान धारातीर्थी पडल्यावर दोन आठवड्यांत सरकारने तातडीने पाऊल उचलले, त्याला आम्ही निलंबन म्हणू आणि नावे ठेवणार नाही. पण पुढे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात कलम ६९अ वैध ठरवले, ते कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे, या आधारावर. त्याच कायद्याच्या २००९ च्या नियमांत मात्र ही सर्व कार्यवाही गोपनीय ठेवावी असा सोळावा नियम आहे. म्हणजे कारणे लिहिली जातात, पण आपल्याला वाचायला मिळत नाहीत. २० कोटी लोकांच्या हातातली वस्तू काढून घेतली आणि त्यांना आदेशाची प्रत नाही, जावक क्रमांकही नाही.

कोणी म्हणेल, परकी कंपनीला कसले आले भाषणस्वातंत्र्य? बरोबर आहे, तिला ते नाही. पण तिच्यावर ओवी म्हणणारी बाई भारताची नागरिक आहे. ते स्वातंत्र्य तिचे आहे. तिला कोणीही काही विचारले नाही.

अमेरिकेने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने उघड मतदानाने कायदा केला: मालकी विका, नाहीतर बंद करा. कंपनी कोर्टात गेली, वापरणारेही गेले. १७ जानेवारी २०२५ ला तेथील सर्वोच्च न्यायालयाने कारणे लिहून कायदा उचलून धरला. नंतर राष्ट्राध्यक्षांनी मुदतीवर मुदती दिल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये तेथील कारभाराची बहुतांश मालकी बाइटडान्सबाहेरच्या गुंतवणूकदारांकडे गेली. त्यातही राजकारण आणि धनिकांचा फायदा होताच. पण निदान वापरणाऱ्याला कोर्टाचे दार होते आणि निकालाचे कागद कोणालाही वाचता येतात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. बंदी ही कृत्याबद्दल असावी, केवळ मालकाच्या देशाबद्दल नसावी. देशी-परकी सर्वांना माहितीच्या रक्षणाचा एकच कडक नियम असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर माहिती संरक्षणाचा कायदा व्हायला २०२३ साल उजाडले, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्यातही सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. कुलूप लावायचे तर सर्व दारांना लावा. आणि बंदी घालावीच लागली तर कारणे जाहीर करा, लोकांना आपले साहित्य काढून घेण्यासाठी महिनाभराची तरी मुदत द्या. भाडेकरूला घराबाहेर काढतानाही भांडीकुंडी नेऊ देतात.

आता थोडे स्वतःकडे पाहू. दुसऱ्याच्या जागेवर आपला आवाज किती काळ टिकतो, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेब रडत बसले नाहीत. १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत', अशी पत्रे पैशाची चणचण असताना चालवली. आपले व्यासपीठ आपल्या मालकीचे असावे हा त्यातला धडा आहे. आपण मात्र आज जयंतीची मिरवणूक, गाणी, वडीलधाऱ्यांच्या आठवणी सारे फुकट मिळते म्हणून परक्याच्या कोठीत टाकतो. फुकट काही नसते. तो जाहिराती विकतो आणि माल आपणच असतो.

ॲप वापरू नका असे आम्ही सांगत नाही. वापरा, त्यावरून दूरदूरची माणसे जोडा, अन्यायाला वाचा फोडा. पण मूळ प्रत घरात ठेवा. मेमरी कार्डात ठेवा, शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवा, विहाराच्या कपाटात एक पेनड्राइव्ह ठेवा. आणि वहीत लिहून ठेवा, कारण वहीवर कोणाच्या हुकुमाने पडदा पडत नाही.

त्या भगिनीच्या नणंदेला आईच्या वीसेक ओव्या अजून आठवतात. आता रोज रात्री जेवणे झाली की नणंद फोनवरून सांगते आणि आठवीतली नात दोनशे पानी वहीत उतरवून घेते. आजीचा आवाज परत येणार नाही, तिचे शब्द तरी राहतील. तो सिक्युरिटीतला तरुणही परवा स्वतः येऊन म्हणाला, "काका, माझी आजी पण म्हणते ओव्या. कशा भरून ठेवायच्या?"

येत्या रविवारी वंदनेनंतर याच कामासाठी बसायचे ठरले आहे. आपल्याही विहारात असे बसा. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला बरोबर घेऊन या. वही आणि पेन विसरू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!