हूडला काच बसवताय? आधी कापड बघा

कोल्हापूर जिल्ह्यात हूडच्या गाड्या लोक अजून हौसेनं सांभाळतात. कुणाची एमएम ५४०, कुणाची २०१० नंतरची थार, एखाद्याच्या दारात आजोबांच्या वेळची विलीज. दुखणं मात्र सगळ्यांचं एकच. मागच्या खिडकीचं प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतं, घडीच्या जागी चरे पडतात आणि आरशात नुसता धूसरपणा उरतो. पावसाळ्यात गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात धुकं उतरलं, की मागं एसटी आहे की टेम्पो, हे हॉर्नवरूनच ओळखायचं.

मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, "काच घाल की भावा, विषय संपला!" काच चांगलीच, वाद नाही. माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या उघड्या गाडीला १९८९ साली मागं प्लास्टिकच होतं. १९९८ च्या दुसऱ्या पिढीला काच आली, आणि मग पहिल्या पिढीचे मालकही काचेचा हूड शोधून बसवू लागले. पण त्यांनी अख्खा हूडच बदलला, हे आपल्याकडं कुणी सांगत नाही.

म्हणून विनंती आहे, जुन्या हूडला काच जोडू नका. प्लास्टिक हलकं असतं, ते कापडाला शिवता येतं. काचेला सुई लागत नाही आणि तिचं सगळं वजन कापडावर लटकतं. प्रत्येक खड्ड्याला ते कापड ओढलं जातं. उन्हापावसानं विरलेला दोरा किती दिवस तग धरणार? टाक्यांजवळ चिमटीत धरून कापड ओढून बघा. दोरा तुटला किंवा आतला थर सुटला, तर आधी नवा हूड, मग काच. तेवढं बजेट नसेल तर फक्त प्लास्टिक बदला, त्यात कमीपणा नाही. नव्या प्लास्टिकवर कोरडं फडकं मात्र घासू नका, थिनर तर लांबच ठेवा. आधी पाणी ओतून धूळ जाऊ द्या.

काच बसवायची ठरलीच, तर ती चिकटवण्यापेक्षा दोन चौकटींत पकडून स्क्रूनं आवळलेली बरी, असं माझं मत. चिकटवलेली काच कंपनीच्या हूडमधूनही काही वर्षांनी सुटते. चौकटीची काच फुटली, तर चार स्क्रू काढून दुसरी घालता येते. जुन्या विंटेज गाड्यांच्या हूडमध्ये छोटी काच अशीच धातूच्या चौकटीत असायची.

काच टफनच घ्या, कोपऱ्यावर आयएस २५५३ चा शिक्का बघून. घराच्या खिडकीची साधी काच फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात, आणि जीपमध्ये मागच्या आडव्या सीटवर बहुतेक वेळा पोरंच बसलेली असतात. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढा, हूड ताणून त्यावर धरून बघा, कोपरे गोल ठेवा, मगच ऑर्डर द्या. आकार जुन्या खिडकीपेक्षा लहानच हवा, कारण काच दुमडत नाही. घडी पडायला वरखाली कापड सोडावंच लागतं. बाजूच्या खिडक्या गुंडाळायच्या असतात, त्या प्लास्टिकच्याच राहू द्या. काळी फिल्म लावू नका. मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे.

कुणी याच खर्चात लोखंडी टप टाकून देतो म्हणाला, तर सावध राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. आधी आरटीओत विचारून घ्या.

हे काम मृगाच्या तोंडावर काढू नका. तेव्हा कारागिराकडं रांग असते आणि घाईत टाके लांब पडतात. उन्हाच्या दिवसांत गाडी द्या, तापलेलं कापड नीट ताणलं जातं. पूर्ण पैसे देण्याआधी तिथंच नळीनं हूडवर पाणी मारायला लावा आणि तुम्ही आत बसा. चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, पाणी साठतं ते तिथंच. बोट ओलं झालं, तर गाडी त्याच्याच दारात ठेवून रिक्षानं घरी या.