दाराबाहेरचा बाप

बालसंगोपनावर आपल्याकडे जे काही लिहिले व बोलले जाते, त्यात एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की, ती सिद्ध करण्याची आवश्यकताच कोणास वाटत नाही. ती अशी की, अर्भकाचे पोषण, शुश्रूषा व त्याच्यासाठी करावयाचे जागरण हा मातेचा प्रांत. द्रव्य आणणे हा पित्याचा. मूल धडधाकट असेल तर ही वाटणी कशीबशी निभावून जाते. परंतु मूल जन्मतःच दुखणाईत असेल, त्याच्या हृदयास छिद्र असेल, वजन दीड किलोही भरत नसेल, श्वास आपल्या बळावर चालत नसेल, तर हीच वाटणी क्रूर ठरते. आईवर ती क्रूर आहे हे निदान तोंडाने तरी सर्व कबूल करतात. ती बापावरही क्रूर आहे, आणि सर्वांत अधिक त्या मुलावर आहे, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. ते निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावाकडे पाहून सांगावयाचे आहे. कारण मोठ्या शहरांतील सुखवस्तू घरांवरून बांधलेले सिद्धान्त आमच्याकडे पोचेपर्यंत फार विरळ होतात.

निलंग्यास उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु अतिशय नाजूक अर्भक म्हटले की पन्नासएक किलोमीटरांवरील लातूर गाठावे लागते, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली की पुणे, मुंबई किंवा हैदराबाद ही नावे निघतात. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चाल. त्यामुळे पुष्कळदा बाप त्या वेळी गावीच नसतो. ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ एवढे शब्द त्यास फोनवर कळतात. तो एस. टी. पकडून धावत येतो, तो त्याच्यापुढे तीन वस्तू येतात : सही करावयाचा कागद, औषधाची चिठ्ठी आणि बंद दार. आईस दूध पाजण्याच्या निमित्ताने तरी आत प्रवेश असतो. बापास काचेतून दोन मिनिटे दर्शन मिळाले तर मिळाले. पंढरीच्या रांगेतल्या वारकऱ्यास निदान पायांवर डोके ठेवता येते!

हे ऐकीव माहितीवर लिहिलेले नाही. प्रस्तुत लेखकाचे पहिले मूल सातव्या महिन्यात जन्मले आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याने बावीस रात्री काढल्या. सोबतीस एक सालगडी होता, एक मालमोटारीचा चालक होता, एक प्राथमिक शिक्षक होता. कोणत्या दुकानी कोणते इंजेक्शन केवढ्यास मिळते, कोणाकडून शेकडा किती व्याजाने पैसे उचलले, सोयाबीन विकून किती आले, हे आम्हां चौघांस एकमेकांचे तोंडपाठ झाले होते. आपल्या मुलाचा हात हातात घेतल्यावर कसा लागतो, हे मात्र चौघांपैकी एकासही ठाऊक नव्हते. घरून येणाऱ्या प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न ‘पैशाची सोय झाली का?’ हा असे. पुढे मूल घरी आले, ते आईच्या अंगाचा वास ओळखून तिच्याजवळ निजे आणि आमच्याकडे दिले की रडे. तेव्हा आल्यागेल्यांनी निकाल दिला की, ‘बापाला लळाच नाही’. ज्यास बावीस दिवस दाराबाहेर ठेवले, त्यास लळा नाही म्हणून पुन्हा दोष द्यावयाचा, हा न्याय मोठा विलक्षण आहे.

तरीही रुग्णालयास सर्व दोष देऊन आपण मोकळे होऊ पाहणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. दार प्रथम आपल्या घरातच लागलेले असते. वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्या मुलास उचलून घेणे, त्याचा मुका घेणे, हे पुरुषास न शोभणारे, अशी समजूत आमच्याकडील एकत्र कुटुंबांत अगदी परवापरवापर्यंत होती व कित्येक घरांत अद्यापि आहे. धाकट्या भावाच्या मुलाशी ओसरीवर खेळावे, परंतु स्वतःच्या मुलाकडे ढुंकूनही पाहू नये, यास मर्यादा म्हणत! ह्या मर्यादेत वाढलेला तरुण डॉक्टरापुढे उभा राहतो, तेव्हा ‘तुम्ही सांगाल ते’ ह्यापलीकडे त्यास प्रश्न सुचत नाही. ह्याची किंमत कोण देते? त्याची बायको देते. मूल आजारी का झाले, ह्याचे उत्तर घरातल्या बायाबापड्यांपाशी तयार असते : हिने ग्रहणात काही चिरले असेल, हिने अमुक खाल्ले असेल, नाही तर सटवाईने लिहिलेच तसे असेल. जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे आठ-दहा मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचे एकच एक कारण दाखविता येत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून बापाने स्वतः ऐकले असते, तर त्यास घरी येऊन आईच्या बाजूने दोन शब्द बोलता आले असते. तो व्हरांड्यात होता; म्हणून घरीही तो मुका राहतो.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा एडगर रे ह्या डॉक्टराने कमी वजनाची अर्भके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा प्रयोग आरंभिला. ह्यासच पुढे ‘कांगारू’ पद्धती असे नाव पडले. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह पाच ठिकाणच्या रुग्णालयांत चालविलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले : प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मताच अशा रीतीने उराशी धरलेल्या लहानग्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ह्या उपचारास यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. मनुष्याची ऊब आणि पुष्कळ तास लागतात. आणि तो आईनेच करावा असा नियम नाही. बापाच्या छातीलाही ऊब असते! बाळंतपणाने थकलेली, शस्त्रक्रियेचे टाके असलेली स्त्री दिवसाचे चोवीस तास बसू शकत नाही. अशा वेळी दुसरी छाती कोणाची, ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर व्हरांड्यात उभे असते. केंद्र सरकारने २०१७ साली नवजात शिशूंच्या कक्षात कुटुंबीयांस शिकवून शुश्रूषेत सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. तेव्हा बापास आत घ्या, ही मागणी कोणा भावनाविवश माणसाची लहर नव्हे. ती सरकारच्या कागदावर आधीच मान्य झालेली आहे.

कायद्याची गोष्ट याहून उद्बोधक आहे. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरास मूल झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. ती ठराविक मुदतीत न घेतल्यास बुडते. मूल दीड महिना पेटीत असले तरी दिवस पंधराच! २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली, हे उत्तमच झाले. परंतु तीत पित्याचे नाव नव्हते, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पितृत्वरजेची तरतूद झाली नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती स्त्रियांस, आणि ज्याची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणास खिळली आहे अशा पुरुषास. केंद्राने बालसंगोपन रजा पुरुषास देऊ केली ती तो अविवाहित, विधुर अथवा घटस्फोटित असेल तर. ह्याचा अर्थ एवढाच की, आई मरावी, निघून जावी वा अंथरुणास खिळावी, मग बापास बाप म्हणून ओळखू! ह्याच मराठवाड्यातील हिंगोलीचे खासदार राजीव सातव ह्यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्वलाभाचे खासगी विधेयक मांडले होते. पंधरा दिवसांची भरपगारी रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढविण्याची सोय, आणि असंघटित श्रमिकांसही तिचा लाभ, अशी त्याची योजना होती. ते मंजूर झाले नाही. सातव २०२१ साली निवर्तले, आणि त्या विधेयकाची आठवण मराठवाड्यासही फारशी राहिली नाही.

ह्यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला असा की, आता उपचार फुकट आहेत. २०११ पासून नवजात बालकांस सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार व वाहन देण्याची योजना आहे, २०१३ पासून बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाची आरोग्य योजना आहे. मग बापाची एवढी काळजी कशास? ह्या योजना खऱ्या आहेत व त्यांनी पुष्कळ जीव वाचविले आहेत. परंतु त्या औषधाचे पैसे देतात, बुडालेल्या रोजाचे देत नाहीत. ज्याची चूल रोजावर पेटते, त्यास मुलाजवळ बसणे आणि घरी पीठ आणणे ह्यांतून एकच निवडावे लागते. दुसरा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, की पुरुषास रजा दिली तर तो पारावर पत्ते कुटील. काही कुटतील, ह्यात संशय नाही. परंतु काही रजेचा दुरुपयोग करतील म्हणून कोणासच रजा नको, हा न्याय आपण इतर कोणत्याही रजेस लावलेला नाही. आणि ज्यास एकदा मुलाच्या नाकातल्या नळीतून थेंब थेंब दूध कसे द्यावे हे शिकविले, तो सहसा पाराकडे जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना : पुरुषास एवढे काय वाटावयाचे? ज्यांस असे वाटते त्यांनी डॉ. आंबेडकरांचे चरित्र पाहावे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार अपत्ये त्यांनी व रमाबाईंनी गमावली. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी आपल्या स्नेह्यास, दत्तोबा पवारांस, पाठविलेले पत्र ज्याने वाचले आहे, तो पुरुषाच्या दुःखाविषयी पुन्हा हलकेपणाने बोलणार नाही. एवढा कणखर पुरुष जेथे मोडून पडला, तेथे आमच्या सालगड्यास काही वाटत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

समाज अगदीच निर्दय आहे असेही नाही. २०२१ साली मुंबईतील एका पाच महिन्यांच्या मुलीस स्नायूंचा दुर्धर आनुवंशिक विकार जडल्याचे कळले, तेव्हा सोळा कोटींच्या औषधासाठी लोकांनी वर्गणी उभी केली व केंद्राने कर माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडकडील दुसऱ्या एका मुलीस तेच औषध जूनमध्ये मिळाले. ऑगस्टच्या आरंभी ती गेली. पैसा जमला, आयुष्य जमले नाही. अशा मुलाच्या आईबापांपाशी अखेर उरते काय? त्याच्याजवळ काढलेले दिवस. ज्या समाजास कोट्यवधी रुपये देण्याची उदारबुद्धी होते, त्यास एका बापास तीन महिने देणे जड वाटते, ही केवळ सवयीची गोष्ट आहे. आणि सवय बदलता येते.

म्हणून मागण्या तीन. नवजात शिशूंच्या कक्षाचे दार, हातपाय धुऊन व शिकून येणाऱ्या बापास उघडे असावे. ज्याचे मूल रुग्णालयात आहे अशा प्रत्येक बापास, मग तो कचेरीत असो वा कोणाच्या शेतावर, मुलाच्या गरजेप्रमाणे भरपगारी रजा किंवा रोजाची भरपाई मिळावी. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या आईबापांची रजा ठरविताना त्यांची विशेष गरज ध्यानी घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली म्हटले आहे. पहिल्या दोन मागण्या सरकारकडे आहेत व त्यांस वेळ लागेल. तिसरी वाचकांकडे आहे व तिला शासननिर्णय लागत नाही. आपल्या नात्यात, शेजारी, असे मूल जन्मास आले, तर त्याच्या बापास पैशाविषयी विचारण्यापूर्वी मुलाविषयी विचारा. डॉक्टरांकडे दोघांस बरोबर पाठवा. आणि तो ते मूल छातीशी घेऊन ओसरीवर बसला, तर घरातल्या वडिलांनी मान फिरवू नये. त्याच्या शेजारी बसावे.